मशिनचा सत्कार

बबनरावांनी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले होते. कुस्ती जिंकलेल्या पैलवानाचा पाहिला, निवडून आलेल्या सरपंचाचा पाहिला, पडलेल्या सरपंचाचाही पाहिला. बदली होऊन चाललेल्या एका ग्रामसेवकाला तर, तो चालला याच आनंदात, पाझरवाडीनं शाल, टॉवेल-टोपी आणि नारळ असं सगळं एकदम दिलं होतं. तेव्हा खंडेनवमीला मशिनचाही सत्कार करावा असं बबनरावांच्या मनात आलं, तर त्यात त्यांचं फार चुकलं असं म्हणता येणार नाही. चुकलं ते एवढंच, की मशिन चालू होतं.

चाकणच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की पाझरवाडी लागते. गावाच्या तिन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती आल्या. चौथ्या बाजूला अजून भुईमूग निघतो. बबनरावांचा गोठा गावाच्या त्या टोकाला. बैल गेले त्याला बरीच वर्षं झाली. एक गाय राहिली, ती आता अंगणातल्या पत्र्याखाली असते. गोठ्यात त्यांच्या मुलानं, भीमराजनं, फरशी घातली, भिंतींना चुना दिला आणि गव्हाण होती त्या जागी एक मशिन आणून उभं केलं. केसाएवढ्या पितळी तारेनं पोलाद कापणारं मशिन. तारेत करंट, वरून पाण्याची धार, आणि शेजारी एक कॉम्प्युटर, जो तारेला कुठं वळायचं ते सांगत राहतो. कापतं मात्र मुंगीच्या चालीनं. नवखा माणूस थोडा वेळ बघतो आणि विचारतो, की हे बंद आहे का?

त्याआधी भीमराज कंपनीत कंत्राटावर होता आणि त्याच्या वाट्याला कायम रात्रपाळी यायची. सकाळी घरी आला की न बोलता आडवा व्हायचा. सून प्राजक्ता खिडकीला गोधडी लावून अंधार करायची, तरी त्याला झोप लागायची नाही. घरात तिघंच माणसं, पण तिघं एका वेळी जेवायला बसली असं महिनोन्‌महिने घडायचं नाही. मशिन आलं, चाकण-चिखलीकडचं काम मिळायला लागलं, आणि रात्रपाळी सुटली. पोरगं जेवताना बोलायला लागलं. भाजीला नावं ठेवायला लागलं. बबनरावांच्या लेखी हे सगळं मशिननं केलं होतं, आणि त्याचे उपकार कसे फेडावेत हे त्यांना कळत नव्हतं.

त्यातून मशिननं त्यांनाही कामाला लावलं होतं. सत्तरीच्या माणसाला घरात काम म्हणजे दार उघडणं आणि गाईला पाणी दाखवणं. पण इथं तारेकडे लक्ष ठेवायला कुणीतरी लागतं. तार तुटली, पाण्याची धार हलली, आवाज बदलला, की लगेच हाक मारायची. बबनराव सकाळी अंघोळ करून, टोपी घालून मशिनपाशी जाऊन बसत. बैलांपाशी बसायची सवय होतीच. अधूनमधून उठून ते कॉम्प्युटरच्या काळ्या डब्यामागं तळहात धरत. तिथल्या बारीक जाळीतून ऊन-ऊन वारा यायचा. तो लागला की त्यांना बरं वाटायचं.

दरवर्षी खंडेनवमीला भीमराज मशिन बंद करून, पुसून, पूजेला द्यायचा. यंदा ते जमलं नाही. चिखलीच्या उद्धवरावांचं काम अंगावर होतं. उद्धवराव म्हणजे, गोठ्यात मशिन आहे म्हटल्यावर बाकीचे हसले तेव्हा ज्यांनी पहिलं काम दिलं ते. त्यांनी एक पोलादी ठोकळा पाठवला होता. भट्टीत कडक करून, घासून, चार ठिकाणचे हात फिरून तो इथं यायलाच उशीर झाला होता. त्यातून आतला नक्षीदार तुकडा अखंड कापून काढायचा आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचा. त्याच्यावर उद्धवरावांचा पत्रा कापायचा प्रेस सुरू होणार होता. असा दुसरा ठोकळा नव्हता. तार दीड दिवस चालणार होती, म्हणून सणाचं मशिन चालूच ठेवलं.

"आबा, हळद-कुंकू लावा नि हार घाला. बाकी कशाला हात लावू नका," एवढं सांगून भीमराज गाईची धार काढायला गेला. प्राजक्ता पुरण वाटत होती.

बबनरावांनी हळद-कुंकू लावलं. मशिनच्या लोखंडी अंगावर झेंडूचा हार घातला. कॉम्प्युटरला दुसरा हार घातला. उदबत्ती ओवाळली, नारळ बाहेर पायरीवर फोडला. मग खिशातून त्यांनी टॉवेल काढला. भावकीतल्या लग्नात त्यांना मिळालेला, घडी न मोडलेला, पांढराशुभ्र. गेले आठ दिवस त्यांनी तो ट्रंकेत वेगळा ठेवला होता. तो त्यांनी उलगडला, काळ्या डब्यावर पांघरला, दोन्ही टोकं मागं नेऊन नीट खोचली आणि वर स्वतःच्या डोक्यावरची टोपी ठेवली.

"लई केलंस बाबा आमच्यासाठी," ते म्हणाले आणि हात जोडून समोर बसले.

त्यांना फार बरं वाटत होतं. नैवेद्याची वेळ होईपर्यंत ते तसेच बसून होते. मग आवाज झाला. कुणी बोटानं वाटाण्याची शेंग फोडावी एवढासा. पडदा काळा झाला, पाण्याची धार बसली, तारेची कुरकुर थांबली. जळक्या रबराचा, थोडासा सुक्या मासळीसारखा वास गोठाभर पसरला.

भीमराज धावत आला. त्यानं पहिल्यांदा यूपीएस पाहिला. लाइट गेली तर कॉम्प्युटर चालू ठेवायला तो बसवलेला होता. यूपीएसचा हिरवा दिवा जळत होता. मग त्याची नजर टॉवेलवर गेली. त्यानं टोपी उचलून बाजूला ठेवली, टॉवेल ओढून काढला आणि डब्याच्या मागं हात लावून झटक्यानं मागं घेतला.

"आबा, ही जाळी कशासाठी असती?"

बबनरावांनी जाळीकडे पाहिलं.

"आतला सप्लाय तापतो. त्याचा वारा इकडनं बाहेर जातो. तुमी त्याचं नाकच दाबलंय."

सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला लोखंडी डबा. भिंतीतली वीज घ्यायची, ती सौम्य करून आतल्या सगळ्यांना ज्याची त्याला वाटून द्यायची, हे त्याचं काम. तो गेला की काही चालत नाही. हे बबनरावांनाही माहीत होतं, कारण मशिन आलं त्या वर्षी एकदा असंच झालं होतं. तेव्हाचा सप्लाय हलका, स्वस्तातला होता. तो मेला तो एकटा मेला नाही, आतला बोर्ड आणि डिस्क दोन्ही जाळून गेला. तेव्हा महिनाभर मशिन मुकं उभं होतं आणि भीमराजनं पुन्हा कंपनीच्या गेटवर चौकशी केली होती.

भीमराज ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. तार ठोकळ्यात अर्ध्यावर अडकली होती तिकडे बघत तो हळूच म्हणाला, "आबा, इथनं पुढं तुमी शेडमधी नका येऊ."

बबनरावांनी जमिनीवरची टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर न घालता हातात धरून बाहेर आले.

*

प्राजक्तानं चिखलीला फोन लावला. मागच्या वेळी चांगला, जड सप्लाय बसवून देणारी तेजस्विनी तिथली. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान घराच्या खालीच होतं. "आज सगळं बंद आहे वहिनी, पण घेऊन या. मी बघते," ती म्हणाली. "मशिनच्या टेबलाला मात्र कुणी हात लावू नका. डिस्क जिवंत असेल तर कुठपर्यंत कापलं ते तिच्यात लिहिलेलं असेल. टेबल केसभर हललं तर त्याचा उपयोग नाही."

डबा मोटरसायकलवर न्यायचा तर मागं मांडीवर घेऊन बसायला माणूस पाहिजे. प्राजक्तानं मशिनपाशी थांबायचं ठरलं. सणाचे पाव्हणे येणार, मशिन बघू म्हणणार, आणि ठोकळ्याला गंज चढू नये म्हणून सारखं तेलाचं बोट फिरवायचं. उरले बबनराव. भीमराजनं गाडी सुरू केली आणि वडिलांकडे न बघता म्हणाला, "बसा."

मोशीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग होते. ट्रकांच्या तोंडांना हार होते, क्रेनला केळीचे खुंट बांधलेले होते, कंपनीच्या गेटांवर रांगोळ्या होत्या. सगळ्या पट्ट्यात मशिनं पूजेला बसली होती आणि त्यातलं एकही आपल्या पूजेनं मेलं नव्हतं. बबनरावांनी डबा पोटाशी धरला होता. खड्डा आला की ते तो मांडीवरून उचलून हातांवर घेत, म्हणजे दणका आपल्याला बसावा आणि त्याला बसू नये. त्यांचे दंड भरून आले होते. डब्यावरचं हळद-कुंकू त्यांच्या सदऱ्याला लागलं.

"गाडी हळू मारू का?" भीमराजनं एकदा विचारलं.

"न्हाई. हाय तशी मार," बबनराव म्हणाले. ते डब्यासाठी विचारलं की आपल्यासाठी, हे त्यांना कळलं नाही.

तेजस्विनी दारातच उभी होती. तिशीतली, साडीचा पदर खोचलेला, हातावर ओली मेंदी. तिनं डबा टेबलावर ठेवून घेतला आणि सवयीनं बाजूला हात नेला. बाजूला काही नव्हतं. दुकानाच्या कोपऱ्यात पाट मांडला होता, आणि पाटावर स्क्रू-ड्रायव्हर, पकडी, डाग द्यायची गन, मीटर, सगळं हळद-कुंकू लेऊन, फुलं वाहून, ओळीनं झोपलं होतं. पाटाशेजारी तिची सासू, कुशाबाई, वाती वळत बसली होती.

"सासूबाई, एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊ का?"

"न्हाई," कुशाबाई म्हणाल्या. "उद्या शिलंगण झाल्याबिगर पाटावरचं हत्यार उचलायचं न्हाई."

"अहो, लांबून आलेत."

"येऊ दे की. जेवून जातील."

भीमराज शेजारच्या वर्कशॉपमध्ये गेला. तिथंही सगळं पाटावर. पलीकडच्या गॅरेजवाल्यानं तर हसून हातच वर केले. वेल्डिंगवाल्याचं दार बंद होतं. एवढ्या मोठ्या चिखलीत, जिथं हाकेच्या अंतरावर हजार स्क्रू-ड्रायव्हर, तिथं त्या दिवशी चार स्क्रू काढायला एक मिळेना. तेजस्विनीला सुरी आठवली. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि विळीसुद्धा पाटावर होत्या.

भीमराज घामेजून परत आला. "मावशी, चार स्क्रूचं काम हाय. माझं लई नुकसान व्हईल."

"कळतंय मला. पण वर्षातनं एक दिवस त्यास्नी निजू द्यायचं असतं."

"बराबर हाय त्यांचं," बबनराव म्हणाले.

भीमराजनं वळून वडिलांकडे असं पाहिलं, की त्या एका नजरेत सकाळपासूनचं सगळं होतं. बबनरावांनी मान खाली घातली, पण शब्द मागं घेतला नाही. जे आहे ते आहे.

कुशाबाईंनी वात खाली ठेवली. आपल्या बाजूचं माणूस मिळालं की बाईमाणूस चौकशी करतं. "बिघडलं कसं पण एकाएकी?"

"लोड आला असंल," भीमराज पटकन म्हणाला.

बबनरावांना ते ऐकू आलं आणि आत कुठंतरी हललं. पोरगं परक्यांसमोर आपल्याला झाकत होतं. पण झाकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

"लोड न्हाई," ते म्हणाले. "म्या टॉवेल पांघरला त्याच्यावर. सत्कार केला. चालू मशिनचा."

तेजस्विनी तोंड फिरवून हसली. कुशाबाई हसल्या नाहीत.

"का केला?"

"या पोराची रात्रपाळी सुटली त्याच्यामुळं."

कुशाबाईंनी भीमराजकडे पाहिलं. त्याच्या हातांकडे, डोळ्यांकडे. "आमच्या मालकांची न्हाई सुटली," त्या म्हणाल्या. "शेवटपतुर न्हाई."

मग गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या आणि आत गेल्या. आतून डबे हलवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात नेलकटर होता.

"ह्याची पूजा केली न्हाई," त्या सुनेला म्हणाल्या. "बघ ह्यानं व्हतंय का."

नेलकटरच्या कानशीचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलं. बसलं म्हणजे अर्धं बसलं. तेजस्विनी दाबून फिरवायची, ते सटकायचं, तिची मेंदी पुसली, अंगठ्याची सालपटं निघाली. तीन स्क्रू निघाले, चौथा हटून बसला. भीमराजनं जोर लावला तर नेलकटर वाकायला लागला. मग बबनराव पुढं झाले. त्यांच्या अंगठ्याचं नख बैलाच्या शिंगासारखं जाड होतं. त्यांनी नख स्क्रूखाली घालून वर उचलून धरलं, तेजस्विनीनं वरून फिरवलं, आणि तो सुटला. नखातून रक्त आलं ते त्यांनी सदऱ्याला पुसलं.

मेलेला सप्लाय बाहेर आला. त्याला अजून तो वास होता. तेजस्विनीनं जाळीतून आत टॉर्च मारला.

"हा गेला. आता बोर्ड आणि डिस्क राहिलेत का ते बघायचं," ती म्हणाली. "दुसरा सप्लाय लावल्याशिवाय कळणार नाही."

फळीवर होते ते सगळे हलके. त्यातला एक तिनं उचलला, तळहातावर तोलला आणि परत ठेवून दिला. मग ती टेबलाच्या पलीकडे गेली, स्वतःचा, रोज ज्याच्यावर काम करायची तो कॉम्प्युटर पुढं ओढला आणि त्याच नेलकटरनं त्याचे स्क्रू काढायला बसली.

"ताई, तो तुमचा हाय," भीमराज म्हणाला.

"मग काय झालं? मला तशी सुट्टीच आहे."

जोडण्या झाल्या. तिनं बटण दाबलं. पंखा एकदा थरथरला आणि थांबला. भीमराजनं टेबलाची कड धरली होती, त्याची बोटं पांढरी झाली होती. ठोकळा गेला, की उद्धवराव गेले. उद्धवराव गेले, की त्यांच्याकडे बघून आलेले सगळे गेले. पुढं काय, ते बापलेक दोघांनाही पाठ होतं. बबनरावांच्या डोळ्यांसमोर खिडकीला लावलेली गोधडी आली.

तेजस्विनीनं एक जोड काढून फुंकर मारून पुन्हा बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला. कॉम्प्युटरनं बारीक आवाज दिला आणि पडद्यावर अक्षरं चढत गेली. ती वाचत होती, भीमराज तिच्या खांद्यावरून वाचत होता.

"सगळं आहे," ती म्हणाली. "सकाळी जिथं थांबलं तिथपर्यंत सगळं लिहिलेलं आहे."

भीमराज तिथंच खाली बसला.

"असं कसं वाचलं?" बबनरावांनी विचारलं. "मागल्या टायमाला तर..."

"मागचा हलका होता काका. तसले मरताना सगळी वीज पुढं सोडून देतात. हा चांगला होता. तापला, जळाला, पण पुढचं दार आधी लावून घेतलं. जे झालं ते स्वतःच्या पोटात ठेवलं."

बबनरावांनी त्या मेलेल्या डब्याकडे पाहिलं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी फार बरंही वाटलं. त्यांनी त्याला हात जोडले. मग तेजस्विनीला जोडले, आणि मग कुशाबाईंना.

"मला कशाला?" कुशाबाई म्हणाल्या. "बसा, पुरणपोळी खाऊन जा. बोटाला हळद लावा आधी."

*

घरी आले तेव्हा प्राजक्तानं गोठ्याच्या दारात आडवी बाज टाकली होती आणि तिच्यावर स्वतः बसली होती. भावकीतली माणसं येऊन, बाहेरूनच बघून, थोडी रुसून गेली होती. तिच्या हाताची बोटं तेलानं काळी झाली होती. ठोकळ्यावर गंजाचा ठिपका नव्हता.

डबा बसवला. पडद्यावर मशिननं विचारलं, पुढं कापू का? भीमराजनं बोट ठेवलं. पाण्याची धार आली, तारेनं कुरकुर सुरू केली आणि पोलादात निळी ठिणगी दिसली. प्राजक्तानं डोळ्यांना पदर लावला.

बबनराव उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. त्यांना आत या म्हणून कुणी म्हटलं नाही, आणि येऊ नका असंही कुणी म्हटलं नाही. ते थोडा वेळ थांबले आणि अंगणात उपटून टाकलेल्या भुईमुगाच्या ढिगाकडे गेले. खाली बसून त्यांनी शेंगा तोडायला घेतल्या. दुखऱ्या अंगठ्यानं शेंग तुटत नव्हती म्हणून ते दुसऱ्या हातानं तोडत होते.

दसऱ्याचा दिवसही तसाच गेला. सकाळी भीमराजनं त्यांच्या हातात आपट्याची पानं दिली आणि पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दोघांनाही काही बोलायचं होतं, पण या घरात पुरुष माणसं असलं बोलत नाहीत, म्हणून दोघांनी पावसाचं बोलून घेतलं. प्राजक्तानं चहा आणला तेव्हा म्हणाली, "आबा, आत बसा की. सवयीचं माणूस नाही तर मलाच चुकल्यासारखं होतंय."

"इथं बरं हाय मला. वारं हाय."

वारा काही नव्हता. पाठीवर ऊन होतं. पण सुनेनं बोलावणं वेगळं आणि ज्यानं घालवलं त्यानं बोलावणं वेगळं. ते मिळणार नसेल तर नाही मिळणार, असं त्यांनी मनाशी ठरवलं. मशिन चालू आहे, पोरगं घरात आहे, परक्या बाईनं स्वतःच्या कॉम्प्युटरमधून काढून सप्लाय दिला. याच्यावर आणखी काही मागायचं म्हणजे हावरटपणा झाला. त्यांच्याकडे जेवढं होतं त्याबद्दल ते खरोखरच ऋणी होते. फक्त तारेचा आवाज लांबून नीट कळत नाही, एवढंच त्यांना सारखं वाटत होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा आतला आवाज थांबला. बबनरावांच्या हातातला वेल तसाच राहिला. आत दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. कापून होत आलं होतं. आतला तुकडा आता केसाएवढ्या पोलादावर लोंबत होता. शेवटी तो खालून हातानं धरावा लागतो. धरणारा डगमगला, तुकडा वाकडा सुटला, तर तार त्याची कड खाते आणि सगळी मेहनत शेवटच्या क्षणाला मातीत जाते. हे धरायचं काम नेहमी प्राजक्ता करायची. ती रबरी हातमोजा घालत असलेली बबनरावांना दारातून दिसली.

"तू नको," भीमराज तिला म्हणाला. मग तो दारात आला. बाहेरच्या उन्हानं त्याचे डोळे बारीक झाले होते.

"आबा, तुमी धरता का?"

बबनरावांनी हात झटकले. माती गेली नाही म्हणून धोतराला पुसले. उंबरा ओलांडताना त्यांचे गुडघे कुरकुरले. प्राजक्तानं त्यांच्या दुखऱ्या बोटावरून हातमोजा हळूच चढवला आणि हातात लाकडी ठोकळा दिला. तो त्यांनी मशिनखाली नेऊन तुकड्याला खालून टेकवला. थंड पाणी हातावरून कोपरापर्यंत वाहत आलं आणि बंडीत शिरलं.

"हलायचं न्हाई. आलं तर नुसतं येऊ द्यायचं," भीमराज म्हणाला.

"हं."

तार चालू झाली. त्यांच्या मनगटाला ती बारीक कुरकुर लागत होती, इतकी वर्षं नुसती कानानं ऐकलेली. त्यांनी श्वास रोखला. अंगठा ठणकत होता तो त्यांनी ठणकू दिला. एवढं नाजूक काम, एवढं अवघड, आणि पोरानं ते त्यांच्या हातावर सोडलं होतं. डोळे भरून आले तरी पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते भरू दिले.

मग वजन आलं. आधी थोडं, मग सगळं, सरळ, त्यांच्या हातावर. भीमराजनं बटण दाबलं. तो वाकला, बल्ब जवळ घेऊन त्यानं तुकड्याची कड बघितली, कडेवरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग तो सरळ उभा राहिला आणि त्यानं तोंडावरचा घाम पुसला.

"झालं आबा. कुठं ओरखडा न्हाई. काढा हात आता."

"थांब," बबनराव म्हणाले. "धरू दे जरा."

भीमराज थांबला.